फ्रीजच्या दाराच्या रबरातली बुरशी: पावसाळ्यात ती काढायची कशी

फ्रीजचं दार पूर्ण उघडा, खाली बसा आणि बिजागरीकडच्या खालच्या कोपऱ्यात रबराची घडी अंगठ्याने उलगडून बघा. हँडलच्या बाजूचं रबर बहुतेक स्वच्छच असतं, कारण तिथे आपला रोज हात जातो, नजर जाते. बुरशी सुरू होते ती या खालच्या कोपऱ्यात. आधी एक बारीक काळी रेघ दिसते आणि ती धूळच वाटते. ओलं बोट फिरवून बघा. धूळ असेल तर निघून येते. बुरशी असेल तर बोटाला काळपट, जरासा चिकट डाग लागतो आणि रेघ तिथेच राहते. नाक जवळ नेलं तर ओल्या गोणपाटाचा वास येतो.

आमचं घर गुहागर तालुक्यात, समुद्रापासून चालत जाण्याच्या अंतरावर. घरगुती जेवण आणि पाहुण्यांसाठी खोल्या, हा आमचा व्यवसाय. घरात दोन फ्रीज आहेत. माजघरातला दूध-भाजीचा आणि मागच्या पडवीतला मासळी नि नारळाचा. दोन्हींची रबरं मी स्वतः साफ करते, हे काम दुसऱ्या कुणावर सोडत नाही. लोक आपल्याकडे विश्वासाने जेवायला येतात, त्यांचं दूध, दही, सोलकढी याच दाराआड असते.

पावसाळ्यात इथे हवेतली आर्द्रता दिवसचे दिवस ९० टक्क्यांच्या आसपास असते. तापमान २८ अंश आणि हवा इतकी दमट असली, की २६ अंशांपेक्षा गार असलेल्या कुठल्याही वस्तूवर पाणी धरतं. फ्रीजच्या आत ४ अंश, बाहेर २८ आणि या दोघांच्या मध्ये हे रबर. दार उघडलं की दमट हवा आत शिरते, आणि पाणी रबराच्या घड्यांत सुटतं. ते दोन्ही बाजूंनी ओघळून खालच्या पट्टीत उतरतं आणि तिथेच मुरतं, कारण त्या घडीला वारा लागत नाही. त्यात पावसात लाईट जाते ती तासन्‌तास येत नाही. तेवढ्या वेळात आतली थंडी कमी होते, बर्फ सुटतो आणि त्याचंही पाणी खालीच येतं.

नुसत्या पाण्यावर बुरशी पोसत नाही, तिला खाणं लागतं आणि ते आपणच पुरवतो. दुधाची पिशवी धुतली आणि निथळू न देता दारात ठेवली, की दुधाचे चार थेंब पाण्याबरोबर खाली जातात. आमरसाच्या पातेल्याचा ओघळ, कोकमाच्या आगळाच्या बाटलीचं चिकट बूड, खोबऱ्याचा चव हाताला असताना ओढलेलं दार, मासळीच्या डब्यातून गळलेलं पाणी. मे महिन्यात आमरस सांडला आणि जूनमध्ये पाऊस लागला, की जुलैत काळी रेघ दिसणारच.

थंडीत बुरशी मरते असं अनेकांना वाटतं. मरत नाही. तिची वाढ मंदावते, एवढंच. काही जाती ४ अंशांनाही वाढत राहतात, म्हणून तर फ्रीजमध्ये ठेवलेल्या पावालासुद्धा बुरशी येते. शिवाय रबराची बाहेरची कड ४ अंशांना नसतेच, ती चांगली कोमट असते.

एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: घासणं हे निम्मं काम, उरलेलं निम्मं म्हणजे घडी आतून कोरडी करणं. बहुतेक घरांत पहिलं काम जोरात होतं आणि दुसरं होतच नाही. मग पंधरवड्यात रेघ परत येते आणि दोष साबणाला दिला जातो.

दिवस कुठला निवडावा

उघडीप असलेला दिवस निवडा. बाहेर धो धो पाऊस लागलेला असताना हे काम काढू नका, कारण त्या हवेत काहीच वाळत नाही. आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी फ्रीज तसाही रिकामा असतो, तो दिवस उत्तम. प्लग काढा. दूध, दही, शिजवलेलं अन्न आणि मासळी बर्फ घालून थर्माकोलच्या खोक्यात ठेवा. इथे मासळीवाल्यांकडे अशी खोकी सहज मिळतात. खोकं नसेल तर शेजारच्या वहिनींच्या फ्रीजमध्ये तासभर जागा मागा. आपल्याकडच्या उष्म्यात दूध-मासळी तासाभराहून जास्त उघड्यावर राहू देऊ नये.

लागणारं सामान घरातलंच आहे. भांडी घासायचा लिक्विड साबण, एक तांब्या कोमट पाणी, मऊ दातांचा जुना टूथब्रश, जुन्या सुती पंचाचे चार-पाच तुकडे, थोडा कापूस, आइस्क्रीमची लाकडी काडी, रबरी हातमोजे. औषधांच्या दुकानातून हायड्रोजन पेरॉक्साइडची छोटी बाटली आणा. आपल्याकडे ते बहुधा ६ टक्क्यांचं मिळतं. लेबल वाचून घ्या आणि ६ टक्क्यांचं असेल तर वापरायच्या वेळी, लागेल तेवढंच घेऊन, त्यात तितकंच पाणी घालून ३ टक्क्यांचं करा. उरलेलं मूळ बाटलीतच, अंधारात ठेवा. उजेडात त्याचा जोर निघून जातो, म्हणून तर ती बाटली गडद रंगाची असते.

घरात कुणाला दमा असेल तर त्या माणसाला हे काम देऊ नका. बाकीच्यांनीही नाकाला मास्क किंवा ओढणी बांधावी आणि खिडकी उघडी ठेवावी. कोरडी बुरशी कोरड्या ब्रशने खरवडली की तिची भुकटी हवेत उडते. म्हणून पहिला हात नेहमी ओल्या फडक्याचा.

घासायची रीत

साबणाचे पाच-सहा थेंब कोमट पाण्यात घाला. पाणी हाताला सोसेल इतपतच गरम हवं, उकळतं नको. हे रबर बहुतेक फ्रीजमध्ये मऊ पीव्हीसीचं असतं आणि त्याच्या पोटात चुंबकाची लांब पट्टी असते. उकळत्या पाण्याने त्याचा आकार बिघडतो आणि मग दार नीट बसत नाही.

सुरुवात वरून करा. वरची आडवी पट्टी, मग दोन्ही उभ्या बाजू, शेवटी खालची पट्टी. उलट केलंत तर वरची घाण साफ केलेल्या भागावर ओघळेल. डाव्या हाताच्या अंगठ्याने घडी उलगडून धरायची आणि उजव्या हाताने ओलं फडकं आत फिरवायचं. दर वीतभर जागेनंतर फडक्याची बाजू बदला. काळं झालेलं फडकं तसंच पुढे ओढत नेलं तर बुरशी फक्त सगळीकडे पसरते.

मग टूथब्रश. घडीच्या लांबीच्या दिशेने, हलक्या हाताने. कोपऱ्यांत रबराच्या दोन पट्ट्या सांधलेल्या असतात, तिथे आडवं जोरात घासलं तर सांधा उसवतो. ब्रश पोचत नाही तिथे काडीला फडक्याची एकच घडी गुंडाळा आणि ती आतून सरकवा. सुरी, पिन, तारेची घासणी आणि तो खरखरीत हिरवा स्क्रबर, चारही वर्ज्य. त्यांनी पडलेला प्रत्येक ओरखडा म्हणजे बुरशीला बसायला नवीन जागा. रॉकेल, थिनर, पेट्रोलही नको. डाग निघाल्यासारखा वाटतो, पण पीव्हीसीचा मऊपणा जातो आणि काही महिन्यांत रबर कडक होऊन तडकतं.

साबणाचं पाणी साध्या ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि मग पेरॉक्साइड. फवारा मारू नका, ते ओघळून जातं. कापसाची लांब वात वळा, पातळ केलेल्या पेरॉक्साइडमध्ये भिजवा, जराशी पिळा आणि घडीच्या आत ठेवून द्या. हँडलची बाजू असो की बिजागरीची, जिथे जिथे काळं दिसलं होतं तिथे वात आत बसवा आणि दहा मिनिटं तशीच राहू द्या. बुरशी आणि अन्नाचा अंश असेल तिथे बारीक फेस येताना दिसेल. दहा मिनिटांनी वात काढून टाका, ब्रश पुन्हा एकदा हलका फिरवा आणि साध्या पाण्याच्या फडक्याने दोनदा पुसा. हातमोजे घातले नाहीत तर बोटं पांढरी पडून चुरचुरतात. रबर रंगीत असेल तर आधी एका कोपऱ्यात लावून बघा, रंग उतरू शकतो.

पेरॉक्साइड मिळालं नाही तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं करून याच पद्धतीने वापरता येतं. हलक्या बुरशीला आणि वासाला ते पुरतं. पण नेहमी नको आणि लावल्यावर धुतल्याशिवाय सोडायचं नाही. काही जणी लिंबाच्या फोडीने घासतात. तो गर आणि ती साखर घडीत अडकून बसते, म्हणजे बुरशीची पुन्हा सोय झाली. खायच्या सोड्याची पेस्ट रबराच्या सपाट, बाहेरच्या भागावर चांगली, पण घडीत घालू नका. तिथून तिची पावडर निघता निघत नाही.

ब्लीच मी अगदी शेवटी काढते, तेही पांढऱ्या रबरासाठी आणि वर्षातून एखाद्या वेळी. एक कप पाण्यात एक चमचा, पाच मिनिटं, मग तीनदा पाण्याने पुसणं. वारंवार वापरलं तर रबर कडक पडतं आणि दाराच्या पत्र्याला गंज धरतो. ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र येता कामा नये, एकामागोमाग एक त्याच जागेवरसुद्धा नको. ब्लीच आणि संडास साफ करायचं ॲसिड एकत्र आलं तरी तेच: क्लोरीन वायू सुटतो आणि छोट्या स्वयंपाकघरात तो छातीत भरतो. पेरॉक्साइड आणि व्हिनेगरही एका बाटलीत मिसळून ठेवू नका. एका वेळी एकच औषध आणि मध्ये भरपूर पाणी.

एवढं करूनही फिकट राखाडी डाग राहिला तर घासत बसू नका. बुरशी मेलेली असते, तिचा रंग मात्र पीव्हीसीत मुरलेला असतो. ओलं बोट फिरवून काळं लागत नसेल आणि वास नसेल, तर काम झालं. खालच्या पट्टीत काळ्याऐवजी गुलाबी बुळबुळीत थर दिसला, तर तो बहुधा जिवाणूंचा असतो. रीत हीच, फक्त साबणाचा हात दोनदा द्या.

रबर ज्या चौकटीला चिकटतं ती चौकटही त्याच पाण्याने पुसा. तिच्यावर रबराचाच काळा ठसा उमटलेला असतो. ती चौकट कधी कधी हाताला गरम लागते, त्याने घाबरू नका. अनेक फ्रीजमध्ये तिथे पाणी धरू नये म्हणून गरम नळी आतून फिरवलेली असते.

कोरडं करणं

आता सगळ्यात महत्त्वाचं. कोरड्या सुती फडक्याचं टोक बोटावर घेऊन घडी आतून पुसा, पूर्ण चौकोन. मग दुसरं कोरडं फडकं घेऊन पुन्हा. दुसऱ्या फडक्यावर ओल दिसत असेल तर तिसरं. त्यानंतर दार सताड उघडं ठेवून टेबलफॅन त्याच्याकडे तोंड करून अर्धा तास लावा. हेअर ड्रायर असेल तर गार हवेवर चालेल. शेवटी टिश्यूचा तुकडा खालच्या कोपऱ्यात खोचून दाबा. तो कोरडा निघाला तरच दार लावा आणि फ्रीज सुरू करा. आत सामान लगेच कोंबू नका. आधी आतून थंड होऊ द्या.

घडीत खोबरेल तेल लावायची पद्धत बऱ्याच घरांत आहे. मी सांगते, लावू नका. तेलाला धूळ आणि पिठाचे कण धरतात आणि ती नवीन घाण होते. बिजागरीच्या बाजूला रबर दुमडून ओढलं जात असेल तर पूर्ण वाळल्यावर तिथे टाल्कम पावडरचा अगदी हलका हात पुरतो.

पुन्हा का येते ते शोधा

साफ केल्यावर लगेच दार तपासा. कागदाची पट्टी किंवा दहाची नोट चौकटीत अर्धी आत, अर्धी बाहेर ठेवून दार लावा आणि ओढा. अडखळत, जोर लावून निघाली पाहिजे. सहज सरकली तर तिथून दमट हवा आत जाते आहे. चारही बाजूंना, वीतवीतभर अंतरावर हे करा. रात्री दिवे घालवून मोबाइलची टॉर्च आत पेटती ठेवायची आणि दार लावून बाहेरून बघायचं, ही दुसरी युक्ती. उजेडाची रेघ दिसली तिथे फट आहे. माझा अनुभव असा की फट आणि बुरशी जवळजवळ नेहमी एकाच जागी सापडतात.

फट असली म्हणून लगेच नवीन रबर लागतं असं नाही. आधी दारातलं ओझं बघा. दोन-दोन लिटरच्या पाण्याच्या बाटल्या दारात रांगेने लावल्या की दार खाली झुकतं. मग फ्रीज सपाट आहे का ते बघा. पुढचे पाय मागच्यापेक्षा किंचित उंच हवेत, म्हणजे अर्धवट सोडलेलं दार आपोआप मागे जाऊन लागतं. आमच्या पडवीतली जमीन अंगणाकडे उतरती आहे. तिथला फ्रीज पुढून उचलून पायाचे स्क्रू फिरवले आणि दार नीट लागायला लागलं. रबर एखाद्या जागी चेपलेलं असेल तर गरम पाण्यात बुडवून पिळलेलं फडकं तिथे थोडा वेळ धरा, बोटांनी आकार बाहेर ओढा आणि दार लावून ठेवा. बऱ्याचदा ते जागेवर येतं.

रबर काढून मोरीत धुवावं का, असं मला पाहुण्या बायका विचारतात. आधी त्याची कड उचलून आत बघा. खाचेत नुसतं दाबून बसवलेलं असेल तर एका कोपऱ्यापासून हळूच ओढून काढता येतं आणि धुऊन, पूर्ण वाळवून, चारही कोपरे आधी बसवून परत लावता येतं. मात्र ते खिळ्याला टांगू नका, स्वतःच्या वजनाने ताणलं जातं. चटईवर सपाट ठेवा. कडेखाली स्क्रू दिसले तर हात लावू नका. जुन्या फ्रीजमध्ये त्याच स्क्रूंवर दाराची आतली बाजूही बसवलेली असते, सगळे सैल केले की दार पिळवटतं. रबर तडकलं असेल, कोपरा फाटला असेल किंवा चुंबक पकडत नसेल, तर आतल्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर लिहून घ्या आणि मेकॅनिकला सांगून नवीन बसवून घ्या. फाटलेल्या रबरात बुरशी आतल्या पोकळीत शिरते, तिथे कुठलंच फडकं पोचत नाही.

बाकी रोजच्या सवयी साध्या आहेत. दुधाची पिशवी पुसून ताटलीत ठेवा. बाटल्यांची बुडं पुसा. गरम पातेलं वाफेसकट आत ठेवू नका. आठवड्यातून एकदा, भाजी भरायच्या आधी, खालची पट्टी ओल्या आणि मग कोरड्या फडक्याने पुसा. पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा. लाईट बराच वेळ जाऊन आली की खालच्या घडीत बोट घालून ओल बघा. बुरशी आलेला पाव किंवा मऊ फळ सापडलं तर पिशवीत बांधून आधी बाहेर काढा, मगच साफसफाई. आणि फ्रीजच्या मागे, कॉम्प्रेसरवर जो पाण्याचा ट्रे असतो तो त्याच दिवशी रिकामा करून घासा. डेंग्यू पसरवणारा डास अशा साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. आरोग्य खात्याची माणसं घरी तपासणीला येतात तेव्हा हा ट्रे आवर्जून बघतात, ते उगाच नाही.

मुंबईकरांसाठी एक वेगळं सांगते, कारण आमच्या वाडीतली निम्मी घरं शिमगा आणि मे महिना आटोपला की थेट गणपतीला उघडतात. मेन स्विच बंद करून, फ्रीजचं दार घट्ट लावून माणसं जातात आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दार उघडलं की रबरच काय, आतल्या भिंतीही काळ्या-हिरव्या झालेल्या असतात. जायच्या आदल्या दिवशी फ्रीज पूर्ण रिकामा करा, बंद करा, सगळा बर्फ वितळू द्या, आतून आणि रबराच्या घडीतून कोरडा करा, मागचा ट्रे ओता. मग दार आणि चौकट यांच्यामध्ये पंचाची जाड गुंडाळी ठेवून दार बोटभर उघडं राहील असं करा आणि बाहेरून सुतळीने बांधा, म्हणजे ते लागणारही नाही आणि खेळता खेळता एखादं पोर उघडून आत शिरणारही नाही. ज्यांच्याकडे चावी ठेवता त्या काकांना किंवा वहिनींना हे दाखवून ठेवा. नाहीतर घर झाडायला आलेलं माणूस उघडं दार बघून भल्या मनाने ती गुंडाळी काढतं आणि दार लावून टाकतं.